मोहाच्या मुळीवरचं बोलावणं

तर काल आपण भैयाजींना मोहाच्या मुळीवर उभं करून उठलो होतो. माणूस अजून तिथंच उभा आहे. डावा हात झाडाच्या खोडाला, उजव्या हातानं टोपी सरळ करणं चालू, मागं काठोकाठ भरलेला तलाव, पुढं फोन धरलेली नात मेघा, आणि मेघाच्या मागं, कोणी न बोलावता आलेला शेजारचा भोजराज.

"आबाजी, हसा थोडं."

"मंडईचं बोलावणं आहे वं बाई. हसाचं काय त्याच्यात?"

"मंग असे काहून उभे आहा, वोटिंगच्या कार्डावानी?"

"हसजो नको गा भैयाजी," भोजराज मागून म्हणाला. "तुहे समोरचे दोन दात नाहीत. पाव्हणे समजतीन, हा सोताच उपाशी आहे."

काल जे बसायला नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जाऊ, म्हणजे कोणाची पंचाईत होणार नाही.

भैयाजी कापगते म्हणजे दिघोरीच्या अलीकडच्या आपल्या गावचे. वय अडुसष्ट, शाळा सातवी, तलावाखाली चार एकर धान. गोष्ट आहे दोन हजार अठराच्या दिवाळीतली. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला त्याला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. त्या वाटणीत भैयाजींची सासरवाडी तिकडं गेली. ज्या दिवशी पेपरात ती बातमी आली, त्या दिवशी भैयाजी चावडीसमोर उभे राहून म्हणाले होते, "सरकारनं जिल्हा तोडला, पण सासू काही तोडून नाही देली." हे वाक्य गोदावरीबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, कानावर संध्याकाळपर्यंत गेलं आणि त्या रात्री भैयाजींच्या ताटात नुसता भात होता. तेव्हा गावात इंटरनेट नव्हतं, तरी बातम्या अशा जात.

पुढं इंटरनेट आलं. पण आपल्या गावात ते घरोघरी नाही आलं. टॉवर दूर, मधे झाडी. रेंज सापडायची फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आणि पाळीवरही मोहाच्या झाडाखाली, आणि झाडाखालीही पूर्वेच्या अंगाला मातीतून वर आलेली जी जाड मुळी आहे, तिच्यावर उभं राहिलं तर. मुळीवरून एक पाऊल खाली ठेवलं की पुण्याचा पोरगा बोलता बोलता मुका व्हायचा. म्हणून संध्याकाळी अर्धं गाव पाळीवर. एक मुळीवर उभा राहून बोलायचा आणि पंधरा जण बसून ऐकायचे. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या पोराला नोकरीवरून काढलं, सगळं पाळीला माहीत. मधेच एखादी म्हातारी ओरडून सल्लाही द्यायची. पलीकडचा पोरगा घाबरून विचारी, "हे कोण बोललं?"

मेघा लाखांदूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिला सरांनी काम दिलं होतं: इंटरनेटमुळे लोकांचं आयुष्य अधिक सुखी झालं का, हे दहा माणसांना विचारायचं आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं वहीत उतरवायचं. नऊ झाली होती. दहावे आबाजी.

"मले आता नको इचारू," भैयाजींनी सांगितलं होतं. "मंडई होऊ दे. मंग सांगतो."

का नको, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आठ मंडया झाल्या, भैयाजींच्या घरी बहीण आलेली नव्हती.

आता मंडई म्हणजे काय ते आपल्याकडं पोरालाही सांगावं लागत नाही, पण बाहेरचं कोणी ऐकत असेल तर असू द्या. दिवाळी सरली, लवकर पिकणारा हलका धान कापून झाला की एकेका गावाचा एकेक दिवस ठरतो. त्या दिवशी गावात बाजार भरतो, ऊस येतात, शिंगाडे येतात, पाळणा येतो, ढोलकीवर दंडार, म्हणजे आपलं नाचगाण्याचं सोंग, नाचते, आणि घराघरांत लेकी-बहिणी येतात. पण त्या अशा नाही येत. भावानं बहिणीच्या उंबऱ्यावर जायचं, हात जोडायचे आणि बोलावणं सांगायचं. त्या बोलावण्याची एक ठरलेली बोली आहे: "तुमच्या उंबऱ्यावर उभा राहून सांगतो. लहान-मोठे सारे येजा. शेजाऱ्या-पाजाऱ्यायले घेऊन येजा. चूल पेटवजा नको." हे असं म्हणायचंच असतं. शेजाऱ्यांना कोणी खरंच घेऊन येत नाही, तो बोलण्याचा मान आहे. पण 'चूल पेटवू नका' असं एकदा तोंडातून निघालं की आलेला पाहुणा उपाशी जाता कामा नये. तो गेला, तर गावाची अब्रू गेली.

भैयाजींची धाकटी बहीण शकुबाई दिली होती लांब. तिचा नवरा नत्थूजी चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला. पुढं तो निवृत्त झाला आणि चिखल्यातच घर बांधून राहिला. जमिनीच्या पोटात तीस वर्षं काढलेला माणूस, आवाज मोठा आणि मान त्याहून मोठा. दर साली भैयाजी गाड्या बदलत बदलत चिखल्याला जायचे, उंबऱ्यावर हात जोडायचे, शकूच्या हातचा चहा प्यायचे आणि परत यायचे. जायला एक दिवस, यायला एक दिवस.

मग दोन हजार दहाच्या दिवाळीत संजीवनं, म्हणजे मेघाच्या बापानं, नागपूरहून वडिलांना मोबाईल आणून दिला. साधाच, बटणांचा. भैयाजींना तो इतका आवडला की चार दिवस ते गोठ्यात जातानाही घेऊन जायचे. त्यात धान कापणीला आलेला, माणसं मिळत नव्हती. त्यांना वाटलं, यंत्र आहे तर दोन दिवस कशाला घालवायचे? पाळीवर गेले आणि चिखल्याला फोन लावला. फोन उचलला नत्थूजींनी.

"जवाईबापू, मंगळवारची मंडई. येजा."

पलीकडून नत्थूजींचा आवाज आला, आणि तो फोनशिवायही ऐकू आला असता.

"मी का गॅसचं सिलिंडर आहो, फोन लावला का घरपोच येऊन जावं? माह्या उंबऱ्यावर सोता येऊन हात जोडून सांगान, तवाच तुमच्या गावचं पाणी पिईन!"

पंधरा माणसं ऐकत होती. भैयाजींचाही पारा चढला. "मी बोलावलं, शिवी तं नाही देली," म्हणाले आणि फोन बंद केला. तिथून जे तुटलं ते तुटलं.

राग एका सालात उतरला. पण राग उतरला तरी मान उतरत नाही. दुसऱ्या वर्षी भैयाजी निघाले होते, हं. धुतलेलं धोतर, नवी टोपी. तुमसरच्या स्टँडवर उतरले, चहा घेतला, गरम भजी खाल्ली, आणि चिखल्याची गाडी लागल्यावर उलट्या दिशेच्या गाडीत बसून घरी आले. गोदावरीबाईंनी विचारलं तर म्हणाले, "गाडी चुकली."

"एकच चुकली का चारही चुकल्या?"

"चारही."

त्यानंतर त्यांनी जाण्याचं नाव काढलं नाही. पण मंडईला बहिणीला लुगडं द्यायचं असतं, ते त्यांनी एकाही साली सोडलं नाही. दर दिवाळीला पवनीला जायचं, ओळखीच्या विणकराच्या घरी बसून मागावरचं लुगडं पसंत करायचं आणि आणून पेटीत ठेवायचं. आठ लुगडी झाली. यंदाचं नववं. गोदावरीबाई पेटी उघडून म्हणायच्या, "आता दुकान घाला. पाटी मी रंगवून देतो तुमाले."

हे झालं मागचं. आता या मुळीवर.

संजीवनं नात्यातल्या लोकांचा एक ग्रुप केला होता, त्रेचाळीस माणसांचा. यंदा मंडईचं बोलावणं त्या ग्रुपवर व्हिडिओनं टाकायचं, असं त्यानंच सुचवलं. शकुबाईचं घर त्या ग्रुपात नव्हतं. नत्थूजींनी येऊच दिलं नव्हतं.

"आबाजी, व्हिडिओ घरीही काढता येते," मेघानं सांगितलं होतं. "फक्त पाठवाले इथं या लागते."

"घरी तुही आजी आहे. ते मधात बोलते."

पहिल्या खेपेला भैयाजींच्या मागून भोजराजची म्हैस तलावात उतरली आणि सगळं लक्ष तिनं नेलं. दुसऱ्या खेपेला भैयाजी इतके ओरडले की पाळीवरचे बगळे उडाले.

"आबाजी, हळू. ऐकू येते त्यायले."

"नागपूर किती दूर आहे, तुले मालूम आहे का?"

तिसऱ्या खेपेला त्यांना मेघाकडं पाहून बोलावं का फोनकडं, हेच कळेना. शेवटी मेघा म्हणाली, "आबाजी, असं समजा, तुम्ही कोनाच्या तरी दारात उभे आहा. जे दार तुमाले सगळ्यात जास्त आठवते, त्या दारात."

भैयाजी थांबले. त्यांनी झाडाचं खोड सोडलं, मुळीवर दोन्ही पाय नीट रोवले आणि दोन्ही हात जोडले. आणि मग जे बोलले ते एका दमात, एकदाही न अडखळता.

"तुमच्या उंबऱ्यावर उभा राहून सांगून राहिलो. मंगळवारची मंडई आहे. लहान-मोठे सारे येजा. शेजाऱ्या-पाजाऱ्यायले घेऊन येजा. चूल पेटवजा नको. मागं काई चुकलं असन तं पोटात घालजा. वाट पाहतो."

भोजराजनं यावेळी म्हशीला उगाच एक हाक मारली.

मेघानं मुळीवर चढून व्हिडिओ पाठवला. संजीवनं नागपुरात तो पाहिला, त्याला फार आवडला, आणि खाली त्यानं लिहिलं: सर्वांनी पुढे पाठवा.

इथंच चूक झाली, आणि ती फक्त आपल्याकडच्या माणसाकडूनच व्हावी. जे बोलणं एका दारात, एका तोंडासमोर, माणसं मोजून म्हणायचं असतं, ते भैयाजींनी दुनियेच्या दारात म्हणून टाकलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मेघा पाळीवरून पळत आली. "आबाजी, तुमचा व्हिडिओ नागपूरच्या एका माणसानं टाकला, त्याले चार हजार लोकायनं पायलं! खाली लिहून राहिले, असं बोलावणं आमाले कोनीच नाही देल्लं, आमी नक्की येतो!"

भैयाजी खाटेवरून उठून बसले. चेहरा असा खुलला की काय सांगावं. "चार हजार? आपल्या गावात माणसंच बाराशे आहेत."

गोदावरीबाई चुलीपासून बाहेर आल्या. हातात फुंकणी. "अन् तुम्ही चारही हजाराच्या चुली बंद करून बसले!"

भोजराज कुडाच्या पलीकडून म्हणाला, "वैनी, माही एक सोडून. मी घरीच जेवीन."

पण भैयाजींच्या मनात भाताचा हिशेब नव्हताच. त्यांनी मेघाला हळूच जवळ बोलावलं. "त्या चार हजारात चिखल्याचं कोनी आहे का?"

"असं गावानं नाही दिसत, आबाजी."

"नावानं?"

"नावानंबी नाही."

"मंग कायचं एवढं मोठं मशीन?" ते म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. पण झोप काही आली नसावी, कारण गोदावरीबाई सांगतात, पहाटेपर्यंत खाट करकरत होती.

मंगळवार उजाडला. सकाळी दहापर्यंत नेहमीचे पाहुणे आले. साडेदहाला एक जीप आली आणि त्यातून सात अनोळखी माणसं उतरली. "भैयाजी कापगते कोणते? आम्ही उमरेडहून आलो. व्हिडिओ पायला." भैयाजींनी हात जोडले आणि पाय धुवायला पाणी दिलं. अकराला मोटरसायकलवरून चार पोरं. मग एक निवृत्त मास्तर, बायकोसकट, डबा घेऊन, म्हणाले, "खरं निघालं तर जेवू, खोटं निघालं तर डबा आहेच." मग गोंदियाकडची एक गाडी. त्यातल्या म्हातारीनं गोदावरीबाईंच्या माहेरची खूण सांगितली आणि दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. बारापर्यंत अंगणात नव्वद माणसं.

भोजराज एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला होता. कोणीही पिशवी घेऊन उतरला की हा म्हणायचा, "जेवाले आले ना? सरळ जा, जिथं बायको नवऱ्यावर ओरडून राहिली असन, तेच घर."

पण गाव खरं गाव असतं ते अशा वेळी. चूल पेटवू नका असं गावातल्या माणसानं म्हटलं, म्हणजे ते गावानं म्हटलं. मंदाबाईच्या घरून भात शिजवायचा मोठा गंज आला, कोणी आलू आणले, कोणी वांगी, बारा बाया भाजी चिरायला बसल्या. नव्या चिन्नोर तांदळाचा भात शिजायला लागला तसा त्याचा वास बाजारापर्यंत गेला आणि जे मंडईला नुसते ऊस घ्यायला आले होते, तेही वळले. भोजराजनं घरीच जेवीन म्हटलं होतं, पण त्याच्याच घरातला भात पातेल्यासकट भैयाजींच्या अंगणात गेला, तेव्हा तो मुकाट्यानं पंगतीत बसला. मास्तरांचा डबासुद्धा शेवटी पंगतीत वाढला गेला.

भैयाजी स्वतः वाढत होते. भात वाढायचे आणि दाराकडं पाहायचे. दारातून कोणी बाई आली की हातातला झारा थांबायचा. मग ती दुसरीच कोणी असायची, आणि झारा पुन्हा चालायचा. उमरेडच्या एका पाहुण्याच्या पानात अशा थांबण्यात तीनदा भात पडला. तो बिचारा मानानं गप्प बसून खात राहिला.

तीन वाजत आले. भोजराज आत आला. चेहरा वेगळाच.

"भैयाजी, एक पाव्हणा दारात उभा आहे. आत याले तयार नाही."

"काहून?"

"म्हणते, पयले फोन लावा."

भैयाजी झारा हातात घेऊनच बाहेर आले. उंबऱ्याच्या पलीकडं, पांढरा शर्ट, काळी टोपी, हातात फोन घेऊन नत्थूजी उभे. केस पार पांढरे झालेले, पण मान तीच, ताठ. त्यांच्या दहा पावलं मागं निंबाखाली शकुबाई. पदर तोंडावर. ती हसत होती का रडत होती, ते तिचं तिला तरी कळत होतं का कोण जाणे.

भैयाजी काही बोलणार, तेवढ्यात नत्थूजींनी हात वर केला.

"थांबा. पयले माहं आयका. परवा सकाळी हे बाई मले हाका मारून राहिली. म्हणे, 'आयकता का, भाऊ उंबऱ्यावर आला.' मी आंघोळ अर्धी सोडून, शर्ट घालून बाहेर आलो. पायतो तं उंबऱ्यावर फोन! चौकटीले टेकवून उभा केलेला. अन् फोनात तुम्ही, हात जोडून. शेजारच्या दामिनीच्या फोनात आला होता तुमचा व्हिडिओ, ते पोरगी शकूले दाखवाले आली होती, का पाहा मावशी, कोन बुवा दुनियेले जेवाले बोलावून राहिला."

निंबाखालून शकुबाईचा आवाज आला, "मी का खोटं बोलली? उंबऱ्यावरच होता तो."

"तू चूप बस," नत्थूजी म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. "मी म्हटलं, हे काई खरं येणं नव्हे. तं हे म्हणते, तुम्ही म्हटलं होतं उंबऱ्यावर या, हात जोडा अन् बोलवा. तिन्ही झालं. आता शब्द फिरवता का? मी शब्द फिरवत नाही, भैयाजी. म्हणून आलो. पण तुम्ही माह्या घरी फोनातून आले, तं मीबी तुमच्या घरात फोनातूनच येईन. लावा व्हिडिओ. फोनात मले 'या' म्हणा, मंग उंबरा वलांडतो."

पंगत जेवायची थांबली. नव्वद माणसं दाराशी.

"जवाईबापू," भैयाजी अगदी हळू म्हणाले, "घरी रेंज नाही."

"मंग असन तिथं चाला."

निघाले. पुढं भैयाजी झारा घेऊन, मागं नत्थूजी, त्यांच्यामागं शकुबाई, गोदावरीबाई, मेघा, आणि त्यांच्यामागं उष्ट्या हातांची सगळी पंगत. बाजारातून जाताना दंडारवाल्या ढोलकीवाल्याला वाटलं, काही मिरवणूक आहे. तो वाजवत सामील झाला. ढोलकी आली म्हटल्यावर पाळणेवाला पाळणा थांबवून आला.

मोहाखाली आले. आणि तिथं भैयाजींच्या लक्षात आलं की मुळी एकच आहे, आणि तीही एका माणसाच्या पायापुरती.

"तुम्ही चढा," नत्थूजी म्हणाले.

"तुम्ही पाव्हणे, तुम्ही चढा."

"मी चढलो तं तुमाले रेंज कुठून भेटन?"

शेवटी दोघेही चढले. एकशे तीस वर्षांचे दोघे मिळून एका मुळीवर. खाली तलाव. पडायचं नसेल तर एकमेकांच्या कमरेत हात घालणं आलं. तसा घातला. झारा मेघानं घेतला. नत्थूजींनी व्हिडिओ लावला, भैयाजींच्या खिशात संजीवनं यंदा आणून दिलेला नवा फोन वाजला, त्यांना हिरवं बटण सापडेना, ते मेघानं दाबून दिलं, आणि दोघांच्या हातांतल्या फोनांत दोघांची तोंडं आली, गालाला गाल.

"या, जवाईबापू," भैयाजी म्हणाले.

ते आधी कानात ऐकू आलं, मग एका फोनातून, मग दुसऱ्या फोनातून. "या जवाईबापू, या जवाईबापू." जणू तीन भैयाजी बोलावत होते.

नत्थूजींनी फोन कानाशी हलवून पाहिला. "तुमचा आवाज लयच जवळून येऊन राहिला."

"तुमच्या तोंडातल्या तंबाखूचा वासबी येऊन राहिला," भैयाजी म्हणाले. "कोन म्हणते आपल्या गावचं नेट खराब आहे?"

नत्थूजींनी हसू दाबायचा प्रयत्न केला. पण माणूस मुळीवर उभा राहून हसू दाबू शकत नाही. आधी पोट हललं, मग मुळीवरचा पाय हलला, एक चप्पल सुटून तलावात गेली, आणि तिला धरायला वाकले तसे दोघेही पाळीवर बसकण मारून कोसळले. बसल्या बसल्या एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून दोन म्हातारे असे हसले की खोकला लागला. ढोलकीवाल्यानं जोर धरला.

शकुबाई पुढं आली. नऊ वर्षांनी भावासमोर उभी राहिली. तिनं आधी भावाची टोपी उचलून त्याच्या डोक्यावर सरळ बसवली, मग म्हणाली, "झाले का तुमचे फोन? मले भूक लागली."

भैयाजींनी तिच्याकडं पाहिलं आणि इतक्या वेळचं हसू डोळ्यांतून वाहायला लागलं.

संध्याकाळी पेटी उघडली. शकुबाईनं एकेक लुगडं बाहेर काढलं, नऊही मांडीवर घेतली आणि विचारलं, "हे कोनत्या सालचं?" भैयाजींना एकूणएक साल पाठ. ती मंडईपुरती आली आणि पाच दिवस राहिली. सकाळी एक नेसायची, संध्याकाळी एक. गावातल्या बाया तिला पाहायला यायच्या, आणि गोदावरीबाई दारात उभ्या राहून सांगायच्या, "हे चौदा सालचं. पंधराचं संध्याकाळी पाहाले या." नत्थूजी तेवढे दिवस रोज मुळीवर उभे राहून चिखल्याला फोन करायचे आणि घराला कुलूप नीट आहे का ते विचारायचे. पाळीवरचे पंधरा जण ऐकायचे आणि त्यांनाही सल्ला द्यायचे.

सहाव्या दिवशी सकाळी पाहुणे निघाले. एसटीला वेळ होता. अंगणात सगळे बसलेले. मेघानं वही काढली.

"आबाजी, आता तं सांगा. उद्या सरायले द्याची आहे. इंटरनेटमुळे लोकांचं आयुष्य अधिक सुखी झालं का?"

"नाही लिह," भोजराज म्हणाला. "माह्या घरचा पंधरा पायल्या तांदूळ गेला."

"फोनानंच तं भांडण लावलं होतं," गोदावरीबाई म्हणाल्या.

"अन् फोनानंच सोडवलं," शकुबाई म्हणाली.

नत्थूजी नव्या चपला घालून बसले होते.

भैयाजींनी बहिणीकडं पाहिलं, मग नातीच्या वहीकडं. मेघानं पेन टेकवलं. सरांनी जसंच्या तसं उतरवायला सांगितलं होतं, म्हणून तिनं एक अक्षरही बदललं नाही. वहीत दहाव्या नंबरवर आजही आहे:

"हो लिह, माय. अन् त्याच्या खाली हेबी लिह, का पुढच्या मंडईचं बोलावणं द्याले भैयाजी सोता चिखल्याले जाणार आहे, तुमसरले न थांबता. कायले इचारशील तं, फोनाले उंबऱ्यावर उभं करता येते, पण फोनाले कोनी चहा नाही पाजत. अन् शकूच्या घरचा चहा पिऊन मले नऊ साल झाले."